लाल टॉवेल

बस कुठवर आली, तिच्यात उभं राहायला तरी जागा आहे का, ही बातमी अख्ख्या नाशकात ड्रायव्हरच्याही आधी आमच्या आतोबांना कळायची, हे मी छातीठोकपणे सांगतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होतो. नाशिक रोडला जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांची कॉलनी. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी देवळाली कॅम्पच्या बाजारातून एक जुनी दुर्बीण आणली आणि सकाळी सातला जे गच्चीवर चढले ते जेवायलाच उतरले. लांबच्या चिंचेच्या स्टॉपवर बस दिसली की गच्चीवर उभ्या केलेल्या काठीला पांढरा पंचा, म्हणजे चहा संपवा, चार मिनिटं आहेत. ती तिथून हलली की लाल टॉवेल, म्हणजे पळा! बस गच्च भरलेली असली तर काठीच्या टोकाला पालथी बादली. त्या काठीकडे बघत कॉलनी दाढ्या करायची, डबे भरायची. खुद्द आतोबा मात्र रिटायर झाल्यापासून बसमध्ये चढले नव्हते. "मी बसलो तर बघणार कोण?" म्हणायचे आणि कुठेही पायीच जायचे.

एकदा आत्याने लाल लुगडं गच्चीवर वाळत घातलं आणि अर्धी कॉलनी स्टॉपवर धावली. शेजारचे हेडमास्तर तर एका गालाला साबण तसाच ठेवून आले होते. आतोबांनी सकाळी दहापर्यंत लाल कपड्याला गच्चीबंदी केली. आत्या म्हणाली, "मग माझा हिरवा शालू तरी उन्हात घालू का? का त्याने रेल्वे सुटेल?"

पुढे समोरच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत उठू लागली. पहिल्या मजल्याला आतोबा पाण्याच्या टाकीवर चढले, दुसऱ्याला टाकीवर स्टूल ठेवलं. तिसरा स्लॅब घातला आणि चिंच दिसेनाशी झाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मलाही घास गोड लागला नाही.

नेमकी त्याच आठवड्यात नाशिक रोडच्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती. 'दहानंतर येणाऱ्यास प्रवेश नाही' असं पत्रात लिहिलेलं, आणि गावी वडील अंथरुणाला खिळलेले, तेव्हा नोकरी हवीच होती. नऊ वाजून गेले, मी स्टॉपवर उभा. एक बस भरलेली होती, ती थांबलीच नाही. सवयीने गच्चीकडे बघितलं तर काठी उघडी. इतक्यात दुसरी बस दिसली आणि तिच्या पहिल्याच खिडकीतून कुणीतरी लाल टॉवेल फडकवत होतं. आतोबा! सकाळीच पायी चिंचेच्या स्टॉपवर गेले होते. "आली रे आली! चढ, जागा धरलीय!"

"आजोबा, हात आत घ्या!" कंडक्टर ओरडत होता, आणि इकडे स्टॉपवर टाळ्या पडत होत्या. मला स्वतःच्या जागेवर बसवून आतोबा खाली उतरले.

"तुम्ही नाही येत?" मी विचारलं.

"मागच्या बसचं कोण बघणार?" म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा चिंचेच्या दिशेने चालू लागले.

मी दहाला पाच कमी असताना पोचलो. नोकरी लागली. आतोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठल्याही स्टॉपवर मी रस्त्याआधी गच्च्यांकडे बघतो. तिथे लोकांचे कपडे वाळत असतात. त्यात एखादा लाल दिसला की मी पिशवी उचलतो.