चमचाभर वाइन, मंडळासमोर

भैरवीनं आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि पोट भरत होती ती स्पॅनिश वाइनच्या चवींच्या वर्णनांचं इंग्रजी करून. पांढरकवड्यात हे कोणाला सांगायची सोय नव्हती. शेजारणींना ती म्हणायची, कॉम्प्युटरवर भाषेचं काम आहे.

स्पॅनिश ती पुण्यात शिकली, नोकरीही तिथंच केली. वडिलांना, श्रीकृष्णरावांना, लकवा मारला तशी घरी आली. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, आणि घरात आई एकटी. घरबसल्याचं हे काम टिकलं तर भैरवी इथं टिकणार, नाहीतर पुन्हा पुणं.

काम मात्र जीव खाणारं. स्पेनमधला माणूस लिहिणार, ही वाइन तोंडात शिरते, तोंड भरते, तोंडात लांब राहते. भैरवीनं तसंच्या तसं इंग्रजी केलं. बंगळूरच्या कंपनीतली अर्पिता फोनवर म्हणाली, हे वाइनचं वर्णन आहे की दाताच्या दवाखान्याचं? पुढच्या वाइनला म्हणे झाडाखालच्या रानाचा वास. आता टिपेश्वरकडे रान आहे, पण कोणत्या महिन्यातलं धरायचं? उन्हाळ्यात तिथं फुफाटा उडतो, भादव्यात पाला कुजतो. हा बाबा महिना लिहीत नाही. मग म्हणे जुनं चामडं, आणि त्याच ओळीत म्हणे मऊ, गोल. भैरवी कपाळाला हात लावून बसायची.

शेवटी अर्पिताही कंटाळली. बाटलीच पाठवते म्हणाली, चाखून सोमवारी लिहून दे. नाही जमलं तर वाइन पिणाऱ्या माणसाला काम देते.

बाटली आली ती नेमकी आईच्या हातात. रजनीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वर दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. मोहाच्या दारूचे माठ काठीनं फोडलेली बाई. खोकं उघडून त्या बाटलीकडे पाहत राहिल्या.

"हे कायले आलं आपल्या घरी?"

भैरवीनं सगळं सांगून टाकलं. कंपनी, सोमवार, पुणं. रजनीबाईंनी आतल्या खाटेकडे पाहिलं.

"चाख," त्या म्हणाल्या. "पण चोरून नाही. मंडळासमोर."

मंडळाची रीतच होती. पकडलेली दारू चार बायांनी हुंगायची, मग सगळ्यांच्या देखत ओतून द्यायची. म्हणजे अमकीनं घरी नेली असं कोणी म्हणायला नको. रविवारी दुपारी मागच्या ओसरीवर बाया जमल्या. बूच काढायचं हत्यार कोणाकडे असणार? केळापूरच्या शकुबाईनं रवीच्या दांड्यानं ते आत ढकललं, तशी वाइन उसळून तिच्या लुगड्यावर उडाली. आता बसमधी लोक काय म्हणतीन, म्हणून ती करवादली.

भैरवीनं चमचाभर घेतली. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली, तोंड भरलं, आणि गिळल्यावरही चव हटेना. लांब राहते ती ही. एवढंच होतं तर मेल्याला सरळ सांगता येत नव्हतं?

तोवर बाटली हातोहात फिरत होती. एकीला चिंचेचा वास येत होता, दुसरीला भिजलेल्या पोत्याचा. तिसरी म्हणे, तुमची नाकं गेली, हा तर शिरका आहे. त्यावरून जुंपली. भैरवीला चव धरून ठेवायची होती आणि कलकलाटात ती निसटत होती.

"थांबा ना वं जरा. मले काम करू द्या."

शकुबाईनं सर्वांत शेवटी हुंगलं. तिचा नवरा मोहाच्या दारूपायी गेला होता. तिनं बाटली लांब धरली.

"वास चांगला आहे, बाई," ती रजनीबाईंना म्हणाली. "म्हणूनच राग येऊन राह्यला."

मग कोणीच भांडलं नाही. बाटली मोरीत ओतली.

भैरवीनं संध्याकाळी लिहून पाठवलं: जीभ आवळते, तोंड भरते, गेल्यावरही जात नाही. रान, चामडं, सगळं त्यामागून आलं. सोमवारी अर्पिताचं उत्तर आलं. जमलं, काम तुझंच. आता उरलेल्या सगळ्या वाइन पाठवते.

वडिलांना वळवताना भैरवीनं आईला हे सांगितलं. रजनीबाईंनी नवऱ्याच्या पाठीशी उशी सारली, चादर ओढून नीट केली.

"एकदम नोको मागवू. मंगळवारी एकेक येऊ दे, मंडळ जमतेच," त्या म्हणाल्या. "अन् त्या दिवशी शकुबाईले बोलवू नोको."