एकोणपन्नास माणसं

चहा गाळून होतो न होतो तोच दार वाजलं. घड्याळजींनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. पारशांच्या अग्यारीतल्या अग्नीला दिवसातून पाचदा वाळलेलं लाकूड द्यायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गल्ली त्यांच्या फेरीवर घड्याळं लावायची, अन् बिघडली की त्यांच्याचकडे आणायची.

दारात नोंदणी कचेरीतला साहेब उभा, मागे टेप घेतलेला माणूस. दोघांच्या खिशांवर नवा झेंडा शिवलेला.

"बसू का काका?" साहेबाचा आवाज मऊ होता. त्याच्या मनगटावर पहिलं घड्याळ घड्याळजींनीच बांधलं होतं. "एक राष्ट्र, एक यादी, असा कायदा झालाय. पन्नास डोकी नसतील त्या समाजाची जागा सरकारजमा. तुम्ही जरथुष्ट्री एकोणपन्नास भरता."

"आणि अग्नी?"

"तिथे संग्रहालय होणार. सोमवारी माणसं पाण्याची नळी घेऊन येतील."

ज्या घरात मेणबत्तीही फुंकरीनं विझवत नाहीत, तिथे तो हे चहा ढवळत सांगत होता.

टेपवाला दाराची चौकट मोजून तिच्यावर खडूनं खूण करू लागला.

"हे कशाला?" घड्याळजींच्या बायकोनं विचारलं.

"नुसतं लिहून ठेवतोय, काकू."

ती नवऱ्याकडे वळली. "एकोणपन्नास कसे? एक्कावन्न होतो आपण. लोकांच्या घड्याळात काटे बसवता, अन् स्वतःची नातवंडं काढून टाकलीत."

खरंच होतं. लेकीनं परजातीत लग्न केलं, म्हणून तिची मुलं आपली नव्हेत. गेल्या हिवाळ्यात नोंदणीचा अर्ज आला तेव्हा ती दोन नावं घड्याळजींनी पट्टी ठेवून सरळ रेघेत खोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

"मुलांना आईच्या नावानं मोजलेलं चालतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कायद्याला चालतं. तुम्हालाच चाललं नाही." साहेब उठला. "आज दुपारी यादी बंद होईल. आईची सही लागेल."

बायको चौकटीवरच्या खडूच्या खुणेकडे बघत राहिली. "अशा यादीत पोरांना घालून त्यांचं भलं व्हायचंय का?"

घड्याळजींनी फोन उचलला. आठ वर्षांत न फिरवलेला लेकीचा नंबर त्यांना पाठ होता.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "अग्नी विझवणार आहेत. पोरांची नावं यादीत घालायची आहेत. सही केलीस तर उद्या तुझंही दार मोजतील, हे आधीच सांगतो. सही देशील का?"