भरलेलं बॅरल

"बायो मॅडमना काय घाबरतीस? त्या काय बोलत न्हाईत. सही तेवढी करतात."

स्टुडिओच्या दारात मी हे ऐकलं आणि थांबले. बोलणाऱ्या मुलाची पाठ माझ्याकडे होती. तो श्रावणीला सांगत होता आणि तिच्या हातात तिच्या प्रोजेक्टचा कागद होता. मी दोन पायऱ्या खाली उतरले, मग चपलांचा आवाज करत पुन्हा वर आले. कागद वाचला. सही केली.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका डिझाइन कॉलेजात मी बायोलॉजी आणि सस्टेनेबिलिटी शिकवते. मूळची मी डिसीज इकॉलॉजिस्ट. म्हणजे डॉक्टर नव्हे. आजार माणसापर्यंत पोचायच्या आधी कुठे राहतो, कोणत्या पाण्यात वाढतो, कशावर बसून फिरतो, हे शोधायचं काम. माझा विषय डेंगीचा डास. तीन वर्षं मी एका प्रोजेक्टवर गावोगाव हिंडले. टॉर्च, ड्रॉपर, काचेच्या नळ्या आणि वही. घरात शिरून बोलायचं काम माझी सहकारी करायची, मी मागे उभी राहून मोजायचे. मला ते फार आवडायचं. मग फंडिंग संपलं आणि मी इथे आले. पगार वेळेवर होतो. खिडकीतून सिग्नल दिसतो. दुपारी मुलं स्केचिंग करत असली की मी मनातल्या मनात कुठल्यातरी परसात टॉर्च मारत असते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

श्रावणीचा प्रोजेक्ट चांगला होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी प्लॅस्टिकची मोठी बॅरलं भरून ठेवलेली असतात. उघड्या बॅरलात डास होतात. श्रावणीचे वडील मागावर काम करतात. कारखान्यात वाया जाणाऱ्या सुतापासून तिने बॅरलसाठी कापडी झाकण केलं होतं. कडेला नाडी, मधे चादरीवर असतो तसा मोर. स्टुडिओतल्या बॅरलवर बसवून तिने मला दाखवलं. मी भिंगातून वीण तपासली. घट्ट होती, डास आत जाणं शक्य नव्हतं. तसं लिहून खाली मी सही केली.

कुंभारीच्या कामगार वसाहतीत, जिथे श्रावणी राहते, तिथे शनिवारी चाळीस झाकणं वाटायचं ठरलं. तिच्या वडिलांनी सुट्ट्या मोडून ती विणली. एक झाकण मात्र तिच्या घरी आठवडाभर आधीच वापरात होतं. गुरुवारी ती म्हणाली, "मॅडम, घरी येता का? आई बोलवतीय. फोटो पण काढता येतील."

मी गेले. तिची आई दारात विड्या वळत बसली होती. मला बघून सूप बाजूला सरकवलं.

"या की म्याडम. आमच्या पोरीनं लई नाव काढलंय तुमचं. म्हणती, मॅडम रागवत न्हाईत."

"हो," मी म्हणाले. यापुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. घरी मराठीच बोलतो, पण अनोळखी माणसासमोर वाक्य आधी डोक्यात जुळवावं लागतं. तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

बॅरल मोरीच्या बाजूला होतं. काल पाणी येऊन गेलं होतं, म्हणून ते काठोकाठ भरलेलं. कापड मधे झोळीसारखं खाली आलं होतं आणि मोर पाण्याला टेकला होता. वरून हात लावला तर ओलसर.

"एवढं भरता?" मी विचारलं.

"मग काय अर्धं भरायचं? पुन्हा चार दिवसांनी सुटतंय पाणी. तेबी पहाटं, कवा सुटंल तेचा नेम न्हाई."

मी टॉर्च काढला. तो अजूनही माझ्या बॅगेत असतो. कापडाच्या ओल्या गोलाच्या कडेला काळे ठिपके होते. खसखशीपेक्षा बारीक, लांबट, एकाशेजारी एक. भिंगाची गरज नव्हती, तरी मी भिंग लावलं.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. दोन वर्षांनी मी ती बघत होते. गुडघे ओल्या फरशीवर, मान वाकडी, आणि तोंडाने मी आपोआप मोजायला लागले होते. बावीस, तेवीस. माझं काहीतरी हरवलेलं इथे मोरीत सापडलं होतं. श्रावणीचे पाय शेजारी येऊन थांबले तेव्हा मला कळलं की मी काय मोजते आहे.

"काय आहे, मॅडम?"

"अंडी."

"अंडी?" तिची आई हसली. "डासाला अंडी? कोंबडीगत?"

"हो. कोंबडीसारखीच. पण ही उबवावी लागत नाहीत."

मग मी जमेल तसं सांगितलं. हा डास थेट पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या जरा वर, ओल्या खरखरीत जागेवर घालतो. आम्ही प्रोजेक्टवर त्याची अंडी गोळा करायला मुद्दाम काळ्या डब्यात पाणी घालून कडेने ओलं कापड लावायचो. श्रावणीने नकळत तेच केलं होतं, फक्त मोठ्या आकाराचं आणि मोराचं. डासाला आत जावंच लागत नव्हतं. तो वर बसून अंडी घालत होता. तांब्याने पाणी काढताना झाकणाची कड पाण्यात पडली की अंडी भिजणार आणि अळ्या होणार. कापड वाळवून ठेवलं तरी ही अंडी महिनोन्महिने टिकतात.

आईने त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी विचारलं. स्टॉपपर्यंत श्रावणी माझ्याबरोबर आली.

"पप्पांनी चाळीस विणलीत, मॅडम. कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय." मग ती म्हणाली, "तुम्ही सही केली होती की."

स्टुडिओतलं बॅरल रिकामं होतं. ते मला त्या दिवशीही दिसत होतं. भरलं तर काय होईल, हा प्रश्न माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न आहे. तो मी विचारला नाही, कारण विचारला असता तर बोलत बसावं लागलं असतं.

शुक्रवारी मी विभागप्रमुख जाधव सरांच्या केबिनमध्ये गेले आणि अंड्यांबद्दल सांगितलं.

"एका घरात निघाली ना? एकाच?" सर म्हणाले.

"एकाच घरात झाकण आहे, सर."

"अहो, पाहुणे बोलावलेत. मांडव घातलाय. उद्या वाटून टाकू, सुधारणा नंतर करू. व्हर्जन टू म्हणायचं. डिझाइनमध्ये असंच चालतं."

"डासांमध्ये नाही चालत," असं मला म्हणायचं होतं. मी म्हणाले, "ओके सर." बाहेर आल्यावर मला माझाच राग आला. परसातून परसात जाणारी ती दुसरी मी कुठे राहिली, कळेना.

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. झाकणं वाटली गेली नाहीत. श्रावणी माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. मग तिनेच वेताचं कडं करून कापड वर कमानीसारखं ताणलं. आता ते पाण्याला लागत नाही, आणि कापड न उचलता पाणी काढता यावं म्हणून बॅरलला खाली तोटी आहे. तिच्या वडिलांनी चाळीसही झाकणं उसवून नव्या मापाने शिवली. मला ते एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्याडम." बरोबर होतं. जाधव सर अजून माझ्या नमस्काराला मान हलवतात, थांबत नाहीत. आणि या सगळ्यातून जे शिकले ते एका ओळीचं आहे: बॅरल तपासायचं तर भरून तपासा.

तर त्या शनिवारी वसाहतीच्या मांडवात बायका बसल्या होत्या. झाकणांचा ढीग टेबलावर होता. श्रावणीचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत होते. सर बोलले, पाहुणे बोलले. मग सर म्हणाले, "याची शास्त्रीय तपासणी आमच्या मॅडमनी केली आहे. मॅडम, दोन शब्द," आणि माईक माझ्या हातात आला.

वाक्य डोक्यात जुळवायला वेळ नव्हता. मी जे बोलले ते असं:

"ही झाकणं आज नेऊ नका. मी तपासलं तेव्हा बॅरल रिकामं होतं. चूक माझी आहे, श्रावणीची नाही, तिच्या पप्पांची तर नाहीच. भरलेल्या बॅरलवर यांच्यावर डासाची अंडी होतात. मी काल सरांना नीट सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. सोमवारपासून मी घरोघर येणार आहे, भरलेली बॅरलं बघायला. मला ते काम येतं. मला ते करायचंय. दार उघडाल ना?"