आक्काने बंद केलेल्या गोळ्या

भिवंडीजवळच्या कोन गावात तिला जानकीबाई म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. धाकटा भाऊ मनोज बोलायला लागला तेव्हा त्याने आक्का म्हटलं, मग सगळी आळीच आक्का म्हणू लागली. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. त्याच वर्षी आई गेली. मनोज तेव्हा जेमतेम चालत होता. बाप खाडीवर रेतीच्या होड्यांवर जायचा, त्यामुळे पोराचं न्हाणं-खाणं, दुखणं-खुपणं सगळं हिच्याकडे आलं. भिवंडीच्या बाजारात ती सुकी मच्छी घेऊन बसायची तेव्हा टोपलीशेजारी गोणपाटावर मनोज झोपलेला असायचा. पुढे दुसऱ्या लग्नाचं सांगायला लोक आले. तिने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मनोज मोठा झाला, बाप वारला, घरात ही दोघंच राहिली. मनोज जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. २००६ च्या दिवाळीनंतर त्याला जुलाब सुरू झाले. आधी त्याने लपवलं. मग रक्त पडायला लागलं, तेही लपवलं. गावातल्या डॉक्टरने आवेचं औषध दिलं. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. गोदामाचा संडास आवाराच्या पार टोकाला होता. एकदा माल उतरवणाऱ्या माणसांच्या देखत तो तिथवर पोचू शकला नाही. घरी येऊन मोरीत स्वतःची पँट धुताना आक्काने त्याला पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन ती ठाण्याला गेली.

तिथे दुर्बिणीने तपासणी झाली. डॉक्टर सबनीस म्हणून पोटाच्या आजारांच्या बाई होत्या. मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, या आजाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

"जंत झाले का हो पोटात?" आक्काने विचारलं.

"जंत नाहीत. पण जंतू आहेत, आणि ते तुमच्या-माझ्या पोटातही आहेत," बाई म्हणाल्या. "मोठ्या आतड्यात त्यांची मोठी वस्ती असते. आपल्याला जे पचत नाही त्यातलं बरंचसं ते पचवतात, आतड्याच्या अस्तराला त्यांची मदत होते. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखते, म्हणून त्यांच्या वाटेला जात नाही. मनोजच्या शरीरात ती ओळख बिघडली आहे. प्रतिकारशक्ती त्या जंतूंवरच चाल करून जाते आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं. रक्त पडतं ते त्यामुळे."

"मग आता?"

"आता ती प्रतिकारशक्ती काही काळ दाबून ठेवायची. या गोळ्या स्टिरॉइडच्या आहेत. मी सांगेन तशाच हळूहळू कमी करायच्या. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. लक्षात राहील ना?"

आक्काने हो म्हटलं. पण येताना बसमध्ये तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. दाबायची. पोराच्या अंगात ताकद यावी म्हणून तिने गावठी अंडी शोधत गावं पालथी घातली होती, खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण करून स्वतः नुसत्या रश्श्यावर भागवलं होतं. आणि ही बाई ताकद दाबायला सांगत होती.

गोळ्यांनी गुण आला, हे खरं. रक्त थांबलं, मनोज पुन्हा कामाला जायला लागला. पण तोंड सुजून गोल झालं, गालांवर पुरळ उठलं. नेमकं तेव्हाच वळच्या केसरीनाथ पाटलांच्या मनालीचं स्थळ आलं. पत्रिका जुळली होती, बघायला येतो म्हणून निरोप होता.

आक्का नाक्यावरच्या मेडिकलवाल्या पंढरीकडे गेली आणि गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.

"ह्या तर स्टिरॉइडच्या," पंढरी म्हणाला. "प्रतिकारशक्ती मारतात ह्या, आक्का. तोंड ह्यांनीच सुजतं. लोक प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून धडपडतात आणि तुमी कमी करताव?" त्याने फळीवरून ताकदीच्या औषधाची बाटली काढली. "हे पाजा. पोर घोड्यासारखं होईल."

गोळ्या बंद कर, असं काही पंढरी म्हणाला नाही. ते आक्काने स्वतः ठरवलं. त्याच आकाराच्या, तशाच पांढऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या तिने मागून घेतल्या.

लहानपणापासून मनोजला औषध आक्काच द्यायची. न्याहारी झाली की तो हात पुढे करायचा, ती हातावर गोळ्या ठेवायची, तो न बघता तोंडात टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून तिने हातावर व्हिटॅमिनच्या गोळ्या ठेवल्या, वर दोन चमचे ताकदीचं औषध. मनोजने विचारलं, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "डॉक्टरीनबाईनेच सांगलंय."

तोंडाची सूज उतरली. केसरीनाथ, त्यांची बायको आणि मनाली येऊन गेले. मनोजला हल्ली थकवा का येतो, असं कुणीतरी विचारलं तेव्हा आक्का म्हणाली, "थोडं पित्त हाय, बाकी पोर ठणठणीत हाय." साखरपुड्याची तारीख धरली.

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मनोज गोदामात चक्कर येऊन पडला. त्याला टेम्पोत घालून ठाण्याला नेलं तेव्हा रक्ताने कपडे भिजले होते आणि नाडी हाताला लागत नव्हती.

इस्पितळात सलाईन लागलं, रक्त चढलं. संध्याकाळी त्याला बोलता यायला लागलं तेव्हा डॉक्टर सबनीसांनी विचारलं, "मनोज, खरं सांग. गोळ्या चुकवल्यास?"

"एक दिवस न्हाय चुकवल्या, मॅडम. आक्का स्वतः हातावर ठेवते."

बाईंनी आक्काकडे पाहिलं. आक्काने मान हलवली. हो म्हणून.

"मग आजार गोळ्यांना दाद देत नाही म्हणायचं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सर्जनना बोलवावं लागेल. बहुतेक मोठं आतडं काढून टाकावं लागेल. नंतर पोटावर पिशवी लावून राहायचं."

ती रात्र आक्काने वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली. आता सांगून काय फरक पडणार, असं ती स्वतःला समजावत होती. गोळ्या परत सुरू झाल्याच आहेत, सलाईनमधून. मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. असं म्हणता म्हणता उजाडलं.

सकाळी ती मनोजचं तोंड पुसत होती. तो म्हणाला, "आक्का, मी विचार करत होतो. त्या दिवशी गोदामातल्या पोरांबरोबर वडापाव खाल्ला होता मी. तुला बोललो न्हाय. त्यानेच झालं असेल. चूक माझीच हाय."

आक्काच्या हातातला पंचा तसाच राहिला. चोवीस वर्षांचं पोर, अंगात रक्त नाही, आणि वडापावची कबुली देत होतं. ती उठली. सबनीसबाई जिन्यावरून वर येत होत्या. आक्का त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"बाई, गोळ्या मी बंद केल्या. त्याला ठाऊक न्हाय. दुसऱ्याच गोळ्या देत होते."

बाई एक पायरी खालीच थांबल्या. "कधीपासून?"

"तोंड सुजलेलं. पोरीकडचे येणार होते."

"काल मी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत."

"हो."

बाईंचा आवाज चढला नाही, पण चेहरा बदलला. "आज दुपारी त्याचं आतडं काढायचं ठरत होतं. औषध लागू पडत नाही असं समजून. औषध तर त्याच्या पोटात जातच नव्हतं! आता सलाईनमधून जे औषध देतोय त्याला आधी संधी दिली पाहिजे. थांबता येईल तेवढं थांबू."

"बाई, मला वाटलं त्याची ताकद कमी पडते..."

"कमी पडत नव्हती, आक्का. ती चुकीच्या जागी लढत होती. तुम्ही तिला मोकळं सोडलंत."

मग जे कालपासून मनात होतं तेही आक्काच्या तोंडून बाहेर आलं. "बाई, आणखी एक हाय. तो लहान होता तेव्हा जरा ताप आला, पोट बिघडलं, की मी मेडिकलातून कॅप्सूल आणून द्यायची. जंतू मरावेत म्हणून. वर्षातून किती वेळा दिल्या, मलाच ठाऊक न्हाय. तुमी बोललाव ना, पोटात चांगल्या जंतूंची वस्ती असते? ती मीच उठवली का? हा आजारच माझ्यामुळे झाला का?"

"अशा अँटिबायोटिक औषधांनी ती वस्ती विस्कटते, हे खरं," बाई म्हणाल्या. "लहानपणी ती खूप घेतली तर पुढे हा आजार होण्याची शक्यता वाढते की काय, यावर अभ्यास चालू आहेत. पण कधीच न घेतलेल्यांनाही हा आजार होतो, आणि घेतलेल्या बहुतेकांना होत नाही. मनोजला कशाने झाला ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"म्हणजे माझ्यामुळे न्हाय?"

"तसंही मी म्हणू शकत नाही. गोळ्या बंद केल्या तो दोष तुमचा. आजार मात्र कुणाच्या माथी मारता येत नाही." त्या पुढे निघाल्या आणि वळून म्हणाल्या, "मनोजला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

तिने सांगितलं. मनोज ऐकत राहिला. "साखरपुड्यासाठी?" एवढंच त्याने विचारलं.

"तुझ्या ताकदीसाठी," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "साखरपुड्यासाठीपण."

त्याने तोंड भिंतीकडे केलं.

आतडं वाचलं. दोन-तीन दिवसांत रक्त कमी होत गेलं आणि सर्जन आले तसे परत गेले. घरी आल्यावर मनोजने गोळ्या स्वतःच्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात. चालता यायला लागलं तसा तो एकटाच वळ गावी गेला आणि केसरीनाथांना सगळं सांगून आला. केसरीनाथ म्हणाले, "आजाराचं काय न्हाय रे, आजार कुणालाबी होतो. पण तुमी लपवलाव." स्थळ मोडलं. मनोजने घरी येऊन हे जसंच्या तसं आक्काला सांगितलं. त्यात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

मग आक्काने स्वतःला शिक्षा लावून घेतली. मच्छी सोडली. एक वेळ जेवायला लागली. दर मंगळवारी अनवाणी वज्रेश्वरीला जायची, गरम कुंडावर बसून राहायची, परत यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पोरासाठी. गाल आत गेले, बाजारात टोपली उचलायला दुसऱ्या बाईला हाक मारावी लागायची. मनोजशी बोलताना ती त्याच्याकडे बघायची नाही. त्याच्या ताटात वाढून झालं की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

एक दिवस त्याने ताट सरकवलं. "बस इथं."

"माझा उपास हाय."

"तुझा रोजच उपास हाय! मी माझा आजार सांभाळू का तुझा उपास सांभाळू? घरात आलो की तुझं तोंड बघून मलाच वाटतं, मी काहीतरी गुन्हा केलाय. तू चूक केलीस. मला राग आला, अजून कधीकधी येतो. पण म्हणून तू मेलीस तर मला कोण हाय?"

आक्काने ताट घेतलं आणि त्याच्यासमोर बसली. घास गिळताना तिला रडू येत होतं, पण ती जेवली. मंगळवारची वज्रेश्वरी तिने नंतर बंद केली. मनातली गोष्ट मात्र गेली नाही. बंद केलेल्या गोळ्यांबद्दल तिला उत्तर मिळालं होतं. कॅप्सूलबद्दल कधीच मिळणार नव्हतं. बाजारात मांडीवर लेकरू घेतलेली बाई दिसली की तिला तोच प्रश्न नव्याने पडायचा.

तीन वर्षांनी निशाचं स्थळ आलं. या वेळी मनोजने निघण्याआधीच आक्काला सांगितलं, "आजाराचं मी बोलणार." दोघं निशाच्या घरी गेली आणि त्याने सगळं सांगितलं: कुठला आजार, स्टिरॉइड सुटलं, पण दुसऱ्या गोळ्या बहुधा कायमच्या, मधूनमधून उठतो, पुन्हा बसतो. निशाने विचारलं, "दुसऱ्याला होतो का?" तो म्हणाला, "न्हाय." "मच्छी चालते?" "बरा असलो की चालते." ती हसली.

तिची आई मात्र काळजीत होती. "आणि गोळ्या बंद केल्या तर काय होतं?"

मनोज अडखळला. "तशा बंद करत न्हाय मी..."

तो आपली चूक झाकतोय, हे आक्काला कळलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"एकदा बंद केल्या होत्या," ती म्हणाली. "मी. त्याला न सांगता. मरता मरता वाचला."

निशाची आई आक्काकडे बघत होती, मनोज जमिनीकडे. आक्काने कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

लग्न झालं. निशाच्या आईने नंतर एकदा बोलून दाखवलं, की मुलगी द्यायची हे तिने त्या दिवशी, आक्काने खरं सांगितलं तेव्हाच ठरवलं. आक्काला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिने नुसती मान हलवली आणि भात वाढायला उठली.