तीन पेट्यांची एक पेटी

वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगत. आमच्या घरात चामड्याला जागा नव्हती. चपला जिन्याखालच्या फळीवर राहत. सत्तरच्या दशकात मला एकोणिसाव्या शतकातल्या शिपायांचे कमरपट्टे, संगिनीची म्यानं, काडतुसांच्या चामडी पेट्या जमवायचा नाद लागला, तेव्हा त्याही तिथेच गेल्या.

"पलटणीत जायची छाती नाही, आणि मेल्या शिपायांचे पट्टे पुसत बसतोय," आई म्हणायची.

माझ्या कचेरीत कामासाठी येणाऱ्या निफाडकडच्या एका शाळामास्तरांनी सांगितलं की त्यांचे पणजोबा पलटणीत होते आणि त्यांची काडतूसपेटी घरात आहे. पुढच्याच रविवारी मी गेलो. मास्तरांच्या वडिलांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली पेटी माझ्यासमोर सोडली. झाकणावर हळदकुंकवाची पुटं चढली होती. पूर्वी दसऱ्याला ती पुजत. बौद्ध झाल्यावर पूजा थांबली.

"पुजत नाय, पण टाकवत बी नाय," म्हातारबा म्हणाले. "इथं उंदरं खात्यात. तुमी सांभाळा, साहेब. पण आमची हाय, हे इसरू नका."

"बाबा, तुमचीच आहे," मी म्हणालो.

आम्हा जमवणाऱ्यांमध्ये मान अखंड वस्तूला. माझ्याकडे आणखी दोन पेट्या होत्या. एकीचं झाकण कुजलेलं, एकीचा पट्टा तुटका; या तिसरीचंही काही ना काही गेलेलं. मी तिन्ही धुतल्या, हळदकुंकू खरवडून काढलं, तेल दिलं. तिन्ही सारख्याच काळ्या झाल्या. मग शिवणी उसवून, त्यातले चांगले भाग जोडून एक देखणी पेटी केली. उरलेले तुकडे मुंबईच्या एकाला देऊन बदल्यात संगिनीचं म्यान घेतलं. माझी पेटी बघायला लोक येत, वाखाणत.

काही वर्षांनी मास्तर वडिलांना घेऊन आले. नातू फौजेत भरती झाला होता. जाण्याआधी त्याच्या खांद्यावर ती पेटी एकदा घालायची, अशी म्हातारबांची इच्छा होती. मी त्यांना वर बोलावलं नाही. पेटी जिन्याखालीच आहे, हे कारण मला आयतं मिळालं. दोघे चपलांशेजारी उभे राहिले.

म्हातारबांनी ती उलटसुलट केली. "हळद कुठं गेली?"

"चामडं टिकावं म्हणून धुतली, बाबा."

"बक्कल असं चकचकीत नव्हतं."

"घासलं मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आमचीच ना ही?"

वरून आई कान देऊन ऐकत असणार. मास्तर संकोचून म्हणाले, "अहो बाबा, साहेब काय खोटं सांगतील?"

"तुमचीच," मी म्हणालो.

त्यांनी पट्टा हळूच स्वतःच्या खांद्यावर घालून पाहिला. मग पेटी पिशवीत ठेवली आणि मला हात जोडले. माझे हात खिशातच राहिले.

त्यांच्या पेटीचं त्यात काय होतं, झाकण की पट्टा की काहीच नाही, मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. मास्तर पुढे कधी भेटले की सांगत, पोरगा सुट्टीवर आला की आधी भिंतीवरची पेटी काढतो, खापरपणजोबांच्या गोष्टी विचारत विचारत पुसतो. मी "वा" म्हणायचो.