फुकटवालीचा कंप्युटर

"ह्या लोकेसले फुकटनीच सवय शे. फुकटवालं टाकी दे हिना कंप्युटरमा."

शेठ मेकॅनिकला म्हणाले. माझ्यासमोर. कामावर माझा पहिलाच दिवस. हातात फडकं, जुन्या खोक्यावरची धूळ पुसत होते. मेकॅनिक हसला. शेठची पुतणी हेतल हसली. मी पुसत राहिले.

शहाद्यातलं खत-बियाण्यांचं दुकान, त्याच्या मागे ऑफिस. मी धडगावकडची, पावरा आदिवासी. आश्रमशाळेत शिकले, बी.कॉम. झाले. 'ह्या लोकेसले' म्हणजे कोणाला, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. जेवण फुकट, वह्या फुकट, शिक्षण फुकट, हे ऐकतच मोठी झाले. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की घराला कुलूप असायचं. ते कोणी बोलत नाही.

हेतलला त्याच आठवड्यात नवा कंप्युटर आला. रुंद पडदा, विंडोज, फिरती खुर्ची. माझ्या खोक्याला विंडोज ओढवेना, म्हणून लिनक्स. कोणीही घ्यावं, वापरावं, पैसे नाहीत. मेकॅनिकने मला पासवर्ड ठेवायला लावला आणि गेला. पुढचं माझं मीच धडपडत शिकले. हळूहळू दुकानाची बिलं त्याच्यावरूनच निघायला लागली.

पण मी जळायचे. खोटं कशाला बोलू? हेतल माझ्याहून लहान, तरी तिला 'बेन' म्हणायचं. काम मी करायचं, पडदा तिचा मोठा. ती जेवायला घरी गेली की तिच्या माउसवर हात ठेवून बघायचे. कोमट असायचा. खुर्चीत बसायची हिंमत व्हायची नाही. आत नुसतं करपत राहायचं.

कधीकधी तिचा पडदा काळा व्हायचा. कोपऱ्यात अक्षरं यायची, ही कॉपी अस्सल नाही. मेकॅनिक यायचा, काहीतरी करायचा, अक्षरं जायची. तिचं विंडोज चोरीचं होतं. शेठच्या टेबलावरचंही. पडदा काळा झाला की मला बरं वाटायचं. हो, वाटायचं. माझं फुकटचं म्हणून सगळे हसले होते. तिच्या चोरीच्याला कोणी हसलं नाही.

मग एका मोठ्या बियाणे कंपनीची एजन्सी मिळायची वेळ आली. साहेब ऑफिस बघायला येणार होते. चोरीचं सॉफ्टवेअर असेल तर कंपनीची सिस्टीम जोडणार नाही, असा त्यांचा निरोप आला. ऑफिसात चोरीचं नसलेलं खोकं एकच होतं. माझं.

त्या दिवशी सकाळी कामावर आले, तर माझा कंप्युटर पुढच्या टेबलावर. समोर फिरती खुर्ची. खुर्चीत हेतल.

"पासवर्ड सांग तिले," शेठ म्हणाले. "आनि तू मांगे जाय, चहा ठेव. साहेब शेतस तोपर्यंत पुढे येऊ नको."

हेतल माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग ना लवकर."

माझा कंप्युटर पुढे चालत होता. मी चालत नव्हते. चहाच्या खोलीकडे वळलेही होते. तिथेच थांबले. परत आले.

"पासवर्ड मी सांगणार नाही. मी टाकते. हेतल, ऊठ."

बेन म्हटलं नाही. तिने चमकून वर बघितलं.

"कामवरथीन काढी टाकसू," शेठ म्हणाले.

"काढा. पासवर्ड माझ्यासोबत जाईल."

बाहेर गाडी थांबली. शेठने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुतणीला मान हलवून खूण केली. ती उठली. मी बसले. खुर्ची कोमट होती.

साहेबांनी विचारलं, "हे कोण चालवतं?"

"मी," म्हणाले.

एजन्सी मिळाली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा हेतलच्या टेबलामागे. मी ती ओढून आणली. संध्याकाळी खुर्ची परत तिकडे जाते, सकाळी मी परत आणते. शेठ बघतात. काढायचं त्यांच्या मनात आहे, मला कळतं.

हेवा गेलेला नाही. तो रुंद पडदा आजही डोळ्यात सलतो. पण चोरून कोणाच्या माउसवर हात ठेवणं संपलं. मला हवं ते मी तोंडाने मागेन, सगळ्यांसमोर. आणि या खुर्चीतून मला उठवायचं असेल, तर दंडाला धरून उठवावं लागेल. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. मी आपणहून उठणार नाही.