फोटोपुरती मशीनं

आमच्या धाकटीला घरात सगळे टाचणी म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांना उपमाही दुकानातल्याच सुचतात. शाळेत एका मुलीने हिची सगळ्यांसमोर टिंगल केली होती. ही भांडली नाही, बाईंकडे गेली नाही. उलट त्या मुलीशी गोड बोलत राहिली आणि नाटकाच्या दिवशी तिच्या झग्याची शिवण उसवून मोकळी झाली. मी ओरडले तर म्हणाली, “मी एकच दोरा ओढला. बाकीचं तिच्या उड्या मारण्याने झालं.”

अशी मुलगी कॉलेज संपल्यावर म्हणाली, चर्चच्या संस्थेतर्फे वर्षभर परदेशी जाते, गरीब बायकांना शिवण शिकवते. मी पाळकांना म्हटलं, “तिकडच्या गरिबीचं काय होईल ते होवो, पण हिच्या वाटेला कोणी जाऊ नये एवढं कळवून ठेवा.” ते हसले. कळवलं मात्र नाही.

तिथे केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. संस्थेचे तिथले प्रमुख, त्यांना सगळे बंधू म्हणत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मधात बुडवलेला आवाज. टाचणी पोचली त्याच आठवड्यात देणगीदार पाहुणे आले. बायकांना दिली म्हणून नवी कोरी मशीनं मांडलेली, बायका पायडल मारताहेत, फोटो निघताहेत. त्यातल्या एका धीट बाईने, टाचणी तिला लांबडी म्हणते, तर त्या भरात शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी खोलीसमोर पिकअप लागली आणि मशीनं चढवली गेली. पाहुणे पुढच्या केंद्रावर जाणार होते, म्हणून मशीनंही निघाली. दरवेळी हेच. पाहुण्यांच्या एक दिवस पुढे मशीनं धावत. बायका पुन्हा हातसुईवर. हातसुईने शाळाभर गणवेश कधी होणार? काम हातचं गेलं.

टाचणीने बंधूंना विचारलं. त्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेत, सगळ्या स्वयंसेवक मुलांसमोर, तिला उभं केलं. “आपल्या या भगिनीच्या मनात सेवेविषयी संशय शिरलाय. ती क्षमा मागेल.”

“मग?” मी फोनवर विचारलं.

“मागितली. डोळ्यांत पाणी आणून मागितली.”

मला तो शाळेतला झगा आठवला. “आता काय करणार आहेस?”

“काही नाही गं. बंधूंना म्हटलं, मशीनं नेण्याआधी दरवेळी मी तेलपाणी करून देत जाईन. खूश झाले.”

मी फोन ठेवून ह्यांना सांगितलं. हे इतका वेळ हसले की मला राग आला. परक्या मुलखात पोर एकटी, पासपोर्ट त्या माणसाच्या कपाटात, आणि बापाला हसू फुटतंय!

पुढचे पाहुणे आले. आधी टाचणीच्या केंद्रावर फोटो झाले, मग टाचणीने मशीनं पुसली, तेल घातलं आणि प्रत्येकाची बॉबिन केस काढून घेतली. मुठीत मावणारा भाग, पण त्याच्याशिवाय मशीन नुसतं खडखडतं, टाका पडत नाही. त्या तिने बायकांच्या हवाली केल्या.

दुसऱ्या केंद्रावर पाहुण्यांसमोर मशीनं खडखडू लागली. कापडाला टाका म्हणून नाही. बंधूंनी सोबत आणलेल्या टाचणीला हाक मारली. “बघ गं लेकरा, काय झालंय!”

“काही नाही बंधू. एक भाग मालकिणींकडे राहिलाय. त्या बाहेर उभ्या आहेत.”

लांबडी आणि तिच्या सोबतिणी पहाटेच चालत निघाल्या होत्या. आत येऊन त्यांनी कमरेच्या गाठी सोडल्या आणि भाग टेबलावर मांडले. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने टाचणीमार्फत विचारलं, “ही मशीनं तुमची का?”

“फोटोपुरती,” लांबडी म्हणाली.

टाचणीने ते पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं. पाहुण्यांतल्या एकांना कमी ऐकू येत होतं, म्हणून मोठ्याने पुन्हा सांगितलं.

मला वाटलं होतं, माणूस आता खचेल. पण बंधू कसले खचतात! त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं की मशीनं आजपासून याच भगिनींची, आणि प्रत्येक केंद्राला अशीच मिळणार. टाळ्या झाल्या. फोटोही निघाला.

मशीनं लांबडीकडे गेली, गणवेशांचं काम परत मिळालं. मी म्हटलं, “झालं ना? आता घरी ये.”

“आई, श्रेय तो घेऊन गेला!”

“घेऊ दे. बायकांना मशीनं मिळाली.”

“मिळाली. पण प्रत्येक केंद्राला म्हणालाय तो, पाहुण्यांसमोर. ती पाहुणी म्हातारी मला फोनवर विचारते, कुठवर आलं. मी कळवते. शब्दन् शब्द वसूल केल्याशिवाय मी येत नाही.”

तिने मुक्काम वाढवून मागितला आणि बंधूंना नाही म्हणता आलं नाही. नवी मशीनं ते स्वतः गाडीतून पोचवतात, आणि टाचणी सोबत जाऊन खाली उतरवलेलं प्रत्येक मशीन चालवून बघते. सबंध वाटेत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकदाच बंधू म्हणाले, थकलो गं लेकरा. ही म्हणाली, अजून डोंगरापलीकडचं केंद्र राहिलंय.

पाळक म्हणतात, त्या माणसाची आता दया यायला हवी. मला येत नाही. सगळ्यांसमोर माझ्या लेकीला उभं केलं होतं त्याने. तिला म्हणावं, फिरव त्याला अजून. फक्त डोंगरातले रस्ते वाईट आहेत, आणि गाडी तो चालवतो.